गोंदियात नैसर्गिक चांदी सापडेल का?

निसर्गात धातुरूपातच आढळणारी चांदी मुख्यतः उष्ण खनिजद्रवांमुळे खडकांच्या भेगांत साचते किंवा चांदीयुक्त सल्फाइड धातुकांचा वरचा थर अपक्षयाने बदलताना निर्माण होते. १६२३ मध्ये सापडलेल्या नॉर्वेतील कोंग्सबर्गच्या खाणींतील तारेसारखे नमुने त्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. गोंदिया जिल्ह्यात चांदीची जुनी खाण नोंदलेली नाही. येथील आमगावाचेच नाव लाभलेल्या ‘आमगाव पट्टिताश्म’ या प्राचीन रूपांतरित खडकातले अभ्रकाचे पापुद्रे उन्हात चांदीसारखे चकाकतात, परंतु ते नखाने सुटतात आणि वजनाला हलके असतात. खरी चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड असते व गंधकाच्या संयोगाने काळवंडते, म्हणून ती बहुधा काळ्या तारांच्या रूपात दिसते आणि तिची शुभ्र चमक ओरखडा काढल्यावरच उघड होते. सोने मात्र या परिसराला अपरिचित नाही. शेजारच्या बालाघाटातील सोनझरी समाज नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचत असे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातील खडक व खनिजे ही वनोपजच ठरतात, त्यामुळे नमुने उचलण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात पाऊल मुळीच टाकू नये.