कोरडा नाला मेलेला नसतो

आपला शिंदखेडा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसणारा. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला पुराची गोष्ट सांगितली तर तिला हसू येईल. तरी आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत. गटातल्या बऱ्याच जणी कर्ज काढून गावाबाहेर प्लॉट घेतात, आणि स्वस्तातला प्लॉट पुष्कळदा नाल्याकाठचाच निघतो.

कमी पावसाच्या गावाला पूर येत नाही, हा समज खोटा आहे. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेच्या पुराने धुळ्यात मोठं नुकसान केलं होतं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस डोंगरात रात्री जोराचा पाऊस झाला आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. शेकडो जनावरं गेली. वाळवंटातल्या दुबईत १६ एप्रिल २०२४ ला वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला आणि रस्त्यांचे नाले झाले.

आपल्याकडे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सारखा वाटून पडत नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एका एकरावर १०० मिलिमीटर पडला, तर ते होतं सुमारे ४ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४० टँकर!

शेत असतं तेव्हा यातलं काही पाणी मुरतं. शेताचे प्लॉट पडले, काँक्रीटचे रस्ते आणि पत्र्याची छपरं आली की ते मुरत नाही, धावतं. नाला मात्र तेवढाच राहतो, किंवा भराव टाकून अरुंद होतो. "इथं कधी पाणी आलं नाही," असं जुनी माणसं सांगतात ते खोटं नसतं. पण ते वर शेतं होती तेव्हाचं असतं.

म्हणून प्लॉटचा इसार देण्याआधी, उन्हाळ्यातच, चार-पाच जणींनी नाल्याकाठी फिरून यावं. एवढं पाहावं:

१. पाणी कुठून येतं? नाल्याने वर चालत जा. वर पाझर तलाव असेल तर त्याच्या सांडव्याचं पाणी कुठे उतरतं ते पाहा.

२. वाटेत काय अडतं? रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या भरावाखालची मोरी नाल्यापेक्षा लहान आहे का? तिच्यात कचरा, काटेरी बाभळी अडकल्यात का? मोरी तुंबली की भराव धरणासारखं पाणी अडवतो.

३. जुन्या पुराच्या खुणा. काठच्या झुडपांत पाचोळा, चिंध्या किती उंच अडकल्यात? पात्रात मोठे गोटे असतील तर पाणी जोराने येतं.

४. कागद काय सांगतो? तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. जमिनीवर सपाट केलेला नाला नकाशावर दिसू शकतो.

५. काठी कोण राहतं? म्हातारी माणसं, बाळंतीण, अपंग व्यक्ती, बांधलेली जनावरं यांची यादी करा. रात्री पाणी आलं तर कोण कुणाला उठवणार, हे आजच ठरवा.

मोरी तुंबलेली असेल, नाला बुजवला असेल, तर पावसाळ्याआधी नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत सह्यांचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ग्रामसभेतही विषय मांडा.

पावसाळ्यात एक लक्षात ठेवा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झालेला असू शकतो. नाल्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, काडीकचरा वाहत येऊ लागला, की सामान आवरत बसू नका. जनावरांची दावी सोडा आणि उंचावर जा. फरशीवरून पाणी वाहत असेल तर पायी नाही, मोटरसायकलवरही नाही. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर दारावर लिहून ठेवा.

बुराई काय, गावामागचा ओहोळ काय, वर्षातले बरेच महिने कोरडेच. पण पाणी आपली वाट विसरत नाही. भिंत पडली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि गटाच्या कर्जाला आपण सगळ्या जामीन असतो. तेव्हा पुढच्या बैठकीत घराच्या कर्जाचा अर्ज आला, तर आधी विचारा: "ताई, नाला पाहून आलात का?"