कानातला रातकिडा

माझ्या दोन्ही कानांत रातकिडा मुक्कामाला आला, त्याला आता सहा वर्षे झाली. दिवसा त्याचे फारसे चालत नाही. घरात निजानीज झाली, की स्वारी सुरू! पहिल्या वर्षी झोप गेली, तिच्यामागोमाग स्वभावही. मुले माझ्याशी बोलायला बिचकू लागली.

कानाकडून बारीक आवाज पोचेनासे झाले, की मेंदू अधिकच कान टवकारून बसतो आणि त्यातूनच हा नाद उठतो, असे बरेच तज्ज्ञ मानतात. शांततेत तर तो फोफावतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी चांगल्या कानांची ८० माणसे आवाजबंद खोलीत बसवली. पाचेक मिनिटांत त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आले! ते खोलीबाहेर आले आणि सुटले. आम्ही कुठे जाणार?

म्हणून मी थंडीतही पंखा लावून निजतो. (सौभाग्यवती दोन गोधड्या घेतात.) श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज आत आणले, तसा किडा थोडा मागे सरला. खरा गुण आला तो मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे. ‘हा आवाज मला वेड लावणार’ हा विचार त्यांनी कागदावर लिहायला लावला आणि वकिलासारखा पुरावा मागितला. महिनाभर शोधूनही तो मला सापडला नाही! आवाज आहे तिथेच आहे. छातीतली धडधड मात्र थांबली.

एक सांगतो, वाचकहो. एकाएकी ऐकू येणे बंद झाले, किंवा आवाज नाडीबरोबर ठोके देऊ लागला, तर कानात तेल घालीत बसू नका. ताबडतोब कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावरची औषधे पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.