इतिहासाच्या दोन बाजू आणि संगणकीय खेळ : ‘नेदरगेट’

इ. स. ६०-६१ मध्ये ब्रिटनमधील आयसेनी टोळीची राणी बूडिका हिने रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. त्याचा वृत्तान्त मिळतो तो प्रामुख्याने टॅसिटस व डिओ कॅशिअस यांच्या ग्रंथांतून. दोघेही रोमन सिनेटचे सदस्य होते. पराभूत केल्टांनी स्वतःचे लिखित साधन मागे ठेवलेले नाही.

‘नेदरगेट’ या संगणकीय खेळास याच कालखंडाची पार्श्वभूमी आहे. अमेरिकेतील जेफ व्होगेल यांच्या ‘स्पायडरवेब सॉफ्टवेअर’ या छोट्या स्वतंत्र संस्थेने तो १९९८ मध्ये प्रकाशित केला. २००७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. खेळाडूने पात्रांची भूमिका घ्यावयाची असते. तत्पूर्वी रोमन अथवा केल्ट यांपैकी एक पक्ष निवडावा लागतो. प्रदेश तोच राहतो, घटनांचा अर्थ मात्र पक्षानुसार बदलतो.

खेळात अद्भुताचा अंश मोठा असून केल्टांची बाजू ही निर्मात्याची कल्पना आहे; म्हणून त्यास ऐतिहासिक साधन मानता येत नाही. तथापि, उपलब्ध साधन कोणी लिहिले, हा प्रश्न तो विद्यार्थ्यापुढे प्रत्यक्ष उभा करतो. टॅसिटसचा उतारा शेजारी ठेवून त्याची चिकित्सा केल्यास इतिहासाच्या अध्यापनास तो उपयुक्त ठरेल.