तहानलेले झाड उपाशी का राहते?

भर उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या वडा-पिंपळाखाली हवा किंचित गार लागते. ती केवळ सावलीमुळे नव्हे. मुळांशी ओल असेल, तर झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते आणि वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता शोषून घेते. झाडाच्या दृष्टीने मात्र हा गारवा म्हणजे अन्न मिळवण्यासाठी मोजलेली किंमत आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून हिरवी पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा तयार करतात. हेच प्रकाशसंश्लेषण. त्यात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, हे सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत प्रयोगाने दाखवून दिले.

कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पानांना आपली सूक्ष्म पर्णरंध्रे उघडावी लागतात. ती उघडली, की त्याच वाटेने पाणी निसटते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक पाणी असे हवेत जाते. प्रत्यक्ष अन्ननिर्मितीत खर्च होते ते अत्यल्प.

तरीही हे पाणी वाया जात नाही. पानांतून पाणी उडाले, की खोडाच्या जलवाहिन्यांतील पाण्याचा स्तंभ वर ओढला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ही ओढ थेट मुळांपर्यंत पोहोचते. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये डब्लिन येथे ही उपपत्ती मांडली. कॅलिफोर्नियातील शंभर मीटरहून उंच रेडवूड वृक्षांच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते, तेही याच ओढीने. त्याच पाण्याबरोबर मातीतील क्षार पानांना मिळतात. उलट पानांतील शर्करा रसवाहिन्यांतून फळांकडे, खोडाकडे आणि मुळांकडे जाते. मुळांशी राहणाऱ्या कवकांनाही तिचा वाटा मिळतो. त्या बदल्यात ती झाडाला फॉस्फरससारखी पोषकद्रव्ये पुरवतात. हवेत गेलेली वाफ पुढे ढगांत मिसळते आणि पावसाच्या रूपाने पुन्हा मातीत येते.

या साखळीतील नाजूक दुवा म्हणजे मुळांभोवतीची माती. ती कोरडी पडली, की जलवाहिन्यांतील ताण वाढतो. स्तंभ तुटून आत हवेचा बुडबुडा शिरला, तर ती वाहिनी निकामी होऊ शकते. हा धोका टाळण्यासाठी झाड पर्णरंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, परंतु कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते आणि अन्ननिर्मिती मंदावते. तहानलेले झाड उपाशी राहते ते असे.

शहरात ही वेळ अनेकदा माणूसच आणतो. बुंध्यालगत काँक्रीट किंवा फरशी बसवली, की पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी गटारात जाते. मुळांना श्वसनासाठी लागणारी हवाही मिळेनाशी होते. अशक्त मुळांचे झाड मग वादळात उन्मळून पडण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्यामागे हीच चिंता होती.

वृक्षारोपणाचे आकडे मोजताना, आधीच उभ्या असलेल्या झाडांच्या मुळांशी हातभर मोकळी माती उरली आहे का, हेही पाहिले पाहिजे. ती नसेल, तर झाडाचे अन्न आणि रस्त्यावरील गारवा दोन्ही एकाच वेळी आटतात.