घाट उतरला की भूक लागतेच!

आपल्या भागात कुणी ‘चार दिवस फिरून आलो’ म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न देवळाचा नसतो आणि समुद्राचाही नसतो. ‘मग, मासे खाल्ले की नाही?’ हाच असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी ही सगळी गावं घाटावरची खरी; पण समुद्र काही फार लांब नाही. सकाळी लवकर आवरून निघालं तर दुपारच्या जेवणाला वेंगुर्ल्यात नाहीतर पणजीत पोहोचता येतं. बेळगावकरांना शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली घाट आहे, गोव्यासाठी चोर्ला आहे. संकेश्वरकर गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली गाठतात. निपाणीकरांना तर थेट देवगडचा रस्ता आहे. मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, की आलंच कोकण.

ही वाट आजची नाही. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. १८८८ साली मुरगावपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली आणि वेंगुर्ल्याचं ते महत्त्व गेलं. पण खाण्यापिण्याची देवघेव काही थांबली नाही. गोव्याच्या बाजारातली भाजी आजही मोठ्या प्रमाणावर बेळगावहून जाते. मालवणी मसाल्याला रंग येतो तो हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी मिरचीने आणि झणका येतो तो आपल्या संकेश्वरी मिरचीने. म्हणजे मालवणात बसून आपण जी लालभडक आमटी ओरपतो, तिच्यातली निम्मी करामत आपल्याच बाजूची! हे मी मालवणी माणसाला सांगून पाहिलं आहे. त्याने मान डोलावली, पण वाटी काही परत भरली नाही.

आम्ही सहा मैत्रिणी दरवर्षी एकदा मासे खायला खाली उतरतो. घरचे कुणी बरोबर नसतात. सहाजणींत दोन घरी कन्नड बोलणाऱ्या, तीन मराठी, आणि एक कारवारची, जिची माहेरची बोली कोकणी. गाडीत कुठली भाषा चालू आहे हे मैलाच्या दगडागणिक बदलतं. एकीचं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर चिकोडीकडचं. सासरी मटण शिजतं, पण मासा घरात आणला की ‘वास येतो’ म्हणून नाकं मुरडली जातात. तिला वर्षातून एकदा पोटभर बांगडा मिळतो तो या सहलीत. आणि एक मैत्रीण लिंगायत घरातली, शुद्ध शाकाहारी. तरीही ती एकही सहल चुकवत नाही. तिच्याविषयी पुढे सांगते, कारण अशा सहलीचा खरा कस तिच्या ताटावर लागतो.

पहिली अडचण वाराची. एकीचा सोमवार, दुसरीचा गुरुवार, तिसरीचा शनिवार. उरलेल्यात मंगळवारी संकष्टी आली की संपलंच. त्यामुळे आमच्या सहलीची तारीख कॅलेंडर घेऊन तासभर बसल्याशिवाय ठरत नाही. त्यात श्रावण आहेच. उत्तरेकडच्यासारखा पंधरा दिवसांचा फरक आपल्यात नाही. मराठी घरातला श्रावण आणि कन्नड घरातला श्रावण एकाच दिवशी सुरू होतो आणि एकाच दिवशी संपतो. एवढी एक बाब तरी कुणाच्या वादात नाही.

श्रावणाच्या आधीही घाई करण्यात अर्थ नसतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे, पण उधाणलेल्या समुद्रात त्या किती जाणार? तरी जुलैत हॉटेलात ‘ताजी सुरमई’ मिळतेच. कुठून येते ती? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत असते. म्हणजे इकडची दारं बंद असतात तेव्हा आंध्र, तामिळनाडूकडची उघडलेली असतात आणि बर्फात घातलेला मासा देश ओलांडून येतो. जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गवगवा झाला आणि सरकारने काही दिवस परराज्यातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली होती, ते अनेकांना आठवत असेल. बर्फातला मासा वाईटच असतो असं नाही. पण बर्फातला मासा खायला घाट कशाला उतरायचा? तो कॅम्पातल्या बाजारातही मिळतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जोमाने बाहेर पडतात. तेव्हा श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र उरकून दसरा-दिवाळीनंतर जावं हे उत्तम. हवा चांगली असते आणि बांगडाही भरलेला असतो.

आता हॉटेल कसं निवडावं? नाव ऐकून गेलात की रांगेत उभं राहावं लागतं, हा सर्वांचाच अनुभव आहे. प्रसिद्ध हॉटेलं वाईट नसतात. पण रविवारी दीड वाजता बाहेर पंचवीस गाड्या असल्या तर आत स्वयंपाकघराचं काय होत असेल याचा विचार करावा. आमचा रिवाज असा, की बाजारपेठेत, बँकेच्या किंवा कचेरीच्या आसपास दुपारी साडेबाराला स्थानिक माणसं कुठे जेवायला शिरतात ते पाहायचं. सरकारी नोकर रोज महागडं खात नाही आणि रोज शिळंही खात नाही. तिथे मेन्यूकार्ड बहुधा नसतं. थाळी असते. गोव्यात शीत-कडी, म्हणजे भात आणि हुमण, एखादी तळलेली तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी. मालवणात भाकरी नाहीतर वडे. बांगड्याच्या आमटीत तिरफळं असतील तर ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. हे कुणी सांगत नाही आणि मग जीभ बधीर झाली म्हणून नवखा माणूस घाबरतो! अशा खानावळी अडीच-तीनला बंद होतात. दुपारी साडेतीनला समुद्रात डुंबून येऊन ‘थाळी आहे का?’ विचारणाऱ्याला मग किनाऱ्यावरच्या रंगीत खुर्च्यांच्या हॉटेलाशिवाय पर्याय राहत नाही.

आणि त्या रंगीत खुर्च्यांतच पैसे जातात. एका किनाऱ्यावर आम्हाला असाच अनुभव आला. मेन्यूकार्डावर सगळ्यांचे दर, पापलेटपुढे मात्र ‘साइजप्रमाणे’. आम्ही किंमत विचारली तर पोऱ्या म्हणाला, ‘जास्त नाही, मॅडम.’ बिल आलं तेव्हा एका पापलेटाची किंमत चार थाळ्यांइतकी! आमच्या कारवारच्या मैत्रिणीने मालकाला बोलावून कोकणीतून विचारलं, तेव्हा कुठे आकडा खाली आला. ‘साइजप्रमाणे’ लिहिलेला मासा आधी डोळ्यांनी पाहावा, वजन आणि दर दोन्ही विचारावं आणि मगच तव्यावर टाकू द्यावा. मासा पाहायला मागणं यात लाज कसली? आपण साडी घेताना पदर उलगडून पाहतोच ना! डोळा चकचकीत आणि फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस परत वर येणारं, एवढं दिसलं तर मासा बरा. डोळा आत गेलेला आणि धुरकट असेल तर त्या दिवशी भाजी-भाकरी खावी. महामार्गावरच्या हॉटेलात मिळणारं पांढरं, बिनकाट्याचं, कशाचीच चव नसलेलं ‘फिश फ्राय’ पुष्कळदा तळ्यात वाढवलेल्या बासाचं असतं. ते समुद्राजवळ जाऊन खाण्यात काही राम नाही.

नावांची गंमत आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना अधिक कळेल. बांगडा किनाऱ्याने खाली गेला की बंगुडे होतो. आपली सुरमई गोव्यात इसवण होते, मंगळूरकडे अंजल. पापलेट तिकडे मांजी. कोळंबीला मालवण-गोव्यात सुंगटं म्हणतात, कन्नडमध्ये सिगडी. खेकडा गोव्यात कुर्ली आणि कन्नडमध्ये एडी. मंगळूर बाजूच्या हॉटेलात ‘काणे’ लिहिलेलं दिसलं तर बिचकू नये, ते आपलं मुडदुशे. कोकणातलं घावन आणि तिकडचे नीर दोसे ही तर सख्खी भावंडं, आणि कोकणचा उकडा तांदूळ तिकडे कुच्चलक्की म्हणून मिळतो. मासा या अर्थी कन्नड ‘मीनु’ आणि आपल्या पत्रिकेतली ‘मीन’ रास यांचं नातं भाषेच्या अभ्यासकांनी कधीच लावून ठेवलं आहे. संस्कृतातला हा शब्द मूळचा द्राविडी असावा असं बरेचजण मानतात. असो, हा वर्ग नव्हे! पण स्थानिक नावाने मासा मागितला की वाढणाऱ्याचा चेहरा बदलतो, एवढं नक्की. ‘आज काय आलंय?’ हे त्याच्या भाषेत विचारलं तर तो कार्ड न दाखवता खरं सांगतो.

आता शाकाहारी मैत्रिणीचं. मासे खाणाऱ्यांच्या सहलीत शाकाहारी माणसाची परवड होते ती कुणाच्या दुष्टाव्याने नाही, दुर्लक्षाने होते. पाचजणी काटे काढण्यात गुंग आणि सहावीपुढे पनीर बटर मसाला! समुद्रकिनाऱ्यावर येऊन पंजाबी पनीर खायची तिच्यावर पाळी का यावी? कोकणाला स्वतःचं शाकाहारी जेवण काय कमी आहे? काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या, ओल्या काजूंची उसळ, गोव्यातलं खतखतं, पावसाळ्यात अळंबी. फक्त ते फलकावर नसतं. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने करतात. आम्ही खोली ठरवायच्या आधी हा फोन करतो. दुसरी गोष्ट तेलाची. ज्या तव्यावर बांगडा तळला त्यावरच तिची कापं भाजली तर ती काही बोलणार नाही, पण जेवणारही नाही. हे विचारायचं काम तिचं नव्हे, बरोबरच्यांचं. तिने विचारलं तर ती ‘सोवळी’ ठरते. आम्ही विचारलं तर ती नुसती चौकशी असते.

बिलाचंही तसंच. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपमध्ये सगळा खर्च समान वाटायची पद्धत होती. दोघीजणी आमटी-भात खायच्या, बाकीच्या खेकडे आणि लॉबस्टर. तीन सहलींनंतर त्या दोघींनी ‘घरी पाहुणे आहेत’ असं सांगायला सुरुवात केली आणि चौथी सहल निघालीच नाही. भांडण झालं नाही, म्हणूनच ते मिटवताही आलं नाही. आमच्याकडे गाडी आणि खोली समाईक वर्गणीतून. जेवण मात्र ज्याचं त्याचं. वहीत दोन रकाने. हिशेब ठेवते ती गणिताची प्राध्यापिका, त्यामुळे पाच रुपयेही सुटत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर पुन्हा वातावरण तापलं, दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या काही दिवस थांबल्या. आमची मालवणची सहल नेमकी त्याच आठवड्यात ठरली होती. घरोघरी ‘कशाला जाता?’ सुरू झालं. गाडी कुठल्या पाटीची आहे, कोण अडवेल, रस्त्यात कुठली भाषा बोलायची, अशा गोष्टी ज्यांनी आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या त्या बोलू लागल्या. सहल पुढे ढकलायची की रद्द करायची यावर फोन झाले. त्या फोनवर कुणी कुणाची बाजू घेतली नाही, पण नेहमीपेक्षा जपून शब्द वापरले जात होते, ते सगळ्यांनाच कळत होतं. शेवटी शाकाहारी मैत्रिणीचाच फोन आला. ती म्हणाली, ‘अक्का, तुमचे ते बांगडे केव्हापर्यंत मिळतात? जानेवारी चालेल का?’ जानेवारीत गेलो. तीच गाडी, तोच ड्रायव्हर.

परतीच्या वाटेवर आमचा एक करार आहे. जाताना जेवण समुद्राचं, येताना तिच्या पसंतीचं. घाट चढून आलं की संध्याकाळी एखादी लिंगायत खानावळी गाठायची. ‘खानावळ’ हा आपला शब्द कन्नडने किती आपलासा करून टाकला आहे ते त्या पाट्यांवर दिसतं. तिथे कडक नाहीतर मऊ जोळद रोट्टी, भरल्या वांग्याची एण्णगाई, झुणका, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी आणि वर घट्ट दही. दोन दिवस मसाल्याने पेटलेल्या पोटाला हे जेवण इतकं गार लागतं की विचारू नका. इथे ऑर्डर ती देते, आम्ही गप्प बसतो. वाढणारा ‘इन्नू स्वल्प?’ म्हणून रोटी टाकतच राहतो, आणि मासे खाऊन आलेल्या पाचजणी त्या सहावीपेक्षा एक रोटी जास्तच खातात.

यंदा कारवारला जायचं ठरतं आहे. मैत्रिणीच्या माहेरी एक वेळचं जेवण आहे. तिच्या आईचा निरोप आला आहे : सोमवार सोडून कधीही या, आणि येताना ब्याडगी मिरची दोन किलो आणा, इकडे महाग मिळते.