दोन तालुके, दोन गुणांक

त्याच कुटुंबांकडे वर्षामागून वर्षे जाऊन तेच प्रश्न विचारले, की जी माहिती जमते तिला पॅनल माहिती म्हणतात. एकदाच केलेल्या पाहणीत जमीनवाल्याची तुलना भूमिहीनाशी होते. पॅनलमध्ये घराची तुलना त्याच घराच्या गेल्या वर्षाशी करता येते. अशा माहितीवर प्रतिगमन, म्हणजे रिग्रेशन, केले की गुणांक हाती येतो. मजुरीचा एक दिवस वाढला तर घरच्या अन्नखर्चात सरासरी किती रुपयांची भर पडते, हे सांगणारा आकडा म्हणजे गुणांक. अडचण त्यानंतर सुरू होते. हा आकडा सगळ्या घरांना सारखाच लागू आहे, की एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरा? दोन गटांचे दोन आकडे निघाले, तर ते खरोखर वेगळे आहेत हे कशावरून ठरवायचे?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारी तालुके हा प्रश्न समजून घ्यायला फार उपयोगी पडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याच्या ग्रामीण भागाचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांतच उरला. दोन्हीकडे पावसावरचे भात. दोन्हीकडे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या आदिवासींच्या वाड्या, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघणारी बिऱ्हाडे. तरीही तालुके सारखे नाहीत. शहापूरमधून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग आणि मुंबई-नाशिक महामार्ग जातो. मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापुरात आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आदिवासी भागांसाठीच्या १९८५च्या आदेशानुसार शहापूर हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तर मुरबाडची ७७ गावेच त्यात येतात.

समजा, या दोन तालुक्यांत काही गावे निवडून तीच घरे पाच वर्षे पाहिली. प्रत्येक वर्षी घराला मजुरीचे किती दिवस मिळाले आणि अन्नावर किती खर्च झाला, याची नोंद घेतली. विश्लेषणात पहिली पायरी म्हणजे प्रत्येक घराच्या आकड्यांतून त्या घराची पाच वर्षांची सरासरी वजा करणे. याला स्थिर परिणाम काढून टाकणे म्हणतात. घराकडे जमीन किती, वस्ती रस्त्यापासून किती लांब, घरातली थोरली माणसे किती शिकलेली, यांपैकी जे पाच वर्षांत बदलले नाही ते सारे या वजाबाकीत गळून पडते. हाच पॅनलचा मोठा फायदा. कारण जास्त दिवस मजुरी करणारे घर मुळात गरीब असते म्हणून कमी खाते, की मजुरी मिळाल्यामुळे जास्त खाते, हा गुंता त्याने बराच सुटतो.

‘घर शहापूरचे आहे’ हेही न बदलणारे वैशिष्ट्य आहे, म्हणून तेही गळते. शहापूरची घरे मुरबाडच्या घरांपेक्षा एकंदरीत अधिक खर्च करतात का, हे या पद्धतीने कळणार नाही. पण मजुरीचा परिणाम दोन तालुक्यांत वेगळा आहे का, हे कळते. मजुरीचे दिवस दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या दिवसांचा आणि तालुक्याचा गुणाकारही दरवर्षी बदलतो आणि वजाबाकीनंतर शिल्लक राहतो.

आता उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. शहापूरचे वेगळे प्रतिगमन केले आणि गुणांक २५ रुपये आला, प्रमाणित त्रुटी, म्हणजे नमुना बदलला तर गुणांक साधारण किती हलेल याचा अंदाज, १०. मुरबाडचा गुणांक १२ रुपये, प्रमाणित त्रुटी ९. गुणांक त्रुटीच्या साधारण दुप्पट किंवा जास्त असला तर तो सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसलेला, मानण्याची रीत आहे. शहापूरचा आकडा अडीच पट आहे, तो सार्थ ठरला. मुरबाडचा जेमतेम १.३ पट, तो ठरला नाही. मग अहवालात वाक्य येते: मजुरीमुळे शहापुरात अन्नखर्च वाढतो, मुरबाडमध्ये वाढत नाही.

हे वाक्य चुकीचे आहे. दोन गुणांकांतला फरक १३ रुपये. दोन्ही नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर फरकाची प्रमाणित त्रुटी दोन त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढल्यावर मिळते: १०० अधिक ८१, म्हणजे १८१, त्याचे वर्गमूळ सुमारे साडेतेरा. फरक आपल्या त्रुटीएवढासुद्धा नाही. ९५ टक्के विश्वासाचा पल्ला काढला तर तो उणे १३ पासून अधिक ३९ रुपयांपर्यंत पसरतो. या माहितीवरून शहापूर पुढे असल्याचे सांगता येत नाही, आणि दोन्ही तालुके सारखे आहेत असेही सांगता येत नाही. मुरबाडला मजुरीचा काही उपयोग नाही, हा निष्कर्ष तर कुठूनच निघत नाही. अँड्र्यू गेलमन आणि हॅल स्टर्न यांनी २००६ मध्ये याच चुकीवर लेख लिहिला: एक आकडा सार्थ असणे आणि दुसरा नसणे, एवढ्यावरून त्यांच्यातला फरक सार्थ ठरत नाही. चूक नवख्यांचीच होते असेही नाही. सँडर न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाच नामांकित नियतकालिकांतील मेंदूविज्ञानाचे ५१३ लेख तपासले. अशी तुलना करण्याचा प्रसंग १५७ लेखांत आला होता आणि त्यांपैकी ७९ लेखांत हीच चूक होती. तालुक्याच्या बाबतीत तिची किंमत थेट माणसांना मोजावी लागते, कारण अशा एका वाक्यावर रोजगाराचे काम एका बाजूला वाढू शकते आणि दुसऱ्या बाजूला आटू शकते.

योग्य मार्ग म्हणजे दोन्ही तालुक्यांची माहिती एकत्र ठेवून एकच प्रतिगमन करायचे आणि त्यात मजुरीचे दिवस व तालुका यांच्या गुणाकाराचे पद घालायचे. त्या पदाचा गुणांक म्हणजेच तालुक्यांमधला फरक, आणि त्याची त्रुटी सोबतच मिळते. मात्र इथे एक बारकावा नेहमी निसटतो. प्रतिगमनात प्रत्येक वर्षाच्या बऱ्यावाईटाचा परिणामही वेगळा धरतात. वेगवेगळी प्रतिगमने केली, की प्रत्येक तालुक्याला आपापले वर्षांचे परिणाम मिळतात: एका वर्षी अवकाळी पावसाने शहापूरचे भात झोपले आणि मुरबाडचे वाचले, तर त्या वर्षाचा परिणाम दोन्हीकडे वेगळा धरला जातो. एकत्र प्रतिगमनात एकच गुणाकार घातला आणि वर्षांचे परिणाम दोघांसाठी सामाईक ठेवले, तर शहापूरचे वाईट वर्ष मजुरीच्या गुणांकात मिसळते. मग दोन पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत आणि संशोधक गोंधळतो. उपाय सरळ आहे: वर्षांसह प्रत्येक चलाचा तालुक्याशी गुणाकार घ्यायचा. तेव्हा गुणांक वेगवेगळ्या प्रतिगमनांइतकेच येतात आणि फरकाची कसोटीही मिळते. ग्रेगरी चाऊ यांनी १९६० मध्ये मांडलेली, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कसोटी याच विचारावर उभी आहे.

दुसरा बारकावा प्रमाणित त्रुटीचा. एका घराच्या पाच वर्षांच्या पाच नोंदी म्हणजे पाच स्वतंत्र घरे नव्हेत. एका गावात पाऊस चुकला तर सगळ्या घरांचे आकडे एकत्रच हलतात. म्हणून त्रुटी मोजताना गाव हा गठ्ठा धरावा लागतो, नाहीतर त्रुटी खोटी लहान दिसते. आठ-दहाच गावे असतील तर हा हिशेबही डळमळतो. तालुक्यांची तुलना करताना दोन्ही गट निदान वेगवेगळ्या गावांत राहतात. तुलना भूमिहीन आणि जमीनवाले यांची असेल, तर दोघेही त्याच गावात, त्याच पावसाखाली असतात. तिथे वर्गांच्या बेरजेचे सूत्र चालत नाही. गावाचा गठ्ठा धरून केलेले एकत्र प्रतिगमनच लागते.

भूमिहीन आणि जमीनवाले यांची अशी तुलना महाराष्ट्रातल्या गावांच्याही माहितीवर झालेली आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर, अकोला जिल्ह्यातील कान्झरा आणि आंध्रातील (आता तेलंगणातील) औरेपल्ली या गावांत तीच कुटुंबे वर्षानुवर्षे पाहिली. प्रत्येक गावात भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी अशा चार गटांतून दहा-दहा घरे निवडली होती. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये या माहितीवर तपासले, की घराचे उत्पन्न घटले तर त्याचा खर्चही तेवढाच घटतो का, की गाव त्याला सावरते. आजारपण, बेकारी किंवा उत्पन्नातली घट यांचा खर्चावर फारसा परिणाम दिसला नाही. घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होत होता. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीन इतरांपेक्षा कमी सावरले जात असल्याचा पुरावा मिळाला. सगळ्या गावाचा एकच गुणांक काढला असता तर हे भूमिहीन त्यात दिसलेही नसते. १९९७ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी या कामावर आक्षेप घेतला: गावाची सरासरी चल म्हणून घालण्याऐवजी प्रत्येक गावाचे प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरावे, कारण गावातल्या घरांची उत्पन्ने एकत्र बदलतात आणि त्यामुळे उत्पन्नाचा गुणांक चुकतो. शहापूर-मुरबाडच्या उदाहरणातला वर्षांचा बारकावा तो हाच.

फरक खरा ठरला, तरी तो कशाचा हे वेगळे पाहावे लागते. शहापूरचा गुणांक मोठा असेल, तर त्याचे कारण तालुका आहे, की तिथल्या नमुन्यात वाड्यांवरची घरे जास्त आहेत? मुरबाडमध्येच अनुसूचित क्षेत्रातली गावे आणि बाकीची गावे वेगळी करून पाहिली, तर याचे थोडे उत्तर मिळते. पण असे गट पाडत गेले, की नवे संकट येते. पाच टक्के पातळीवर वीस तुलना केल्या, तर काहीच फरक नसतानाही सरासरी एक तुलना सार्थ निघते. म्हणून गट पाहणीआधी ठरवावेत, आणि पहिल्या वर्षीच्या स्थितीवर ठरवावेत. भूमिहीन घराने तिसऱ्या वर्षी तुकडाभर जमीन घेतली म्हणून त्याला जमीनवाल्यांच्या गटात ढकलले, तर ज्यांचे बरे चालले ती घरे एका गटातून दुसऱ्या गटात जातात आणि दोन्ही गुणांक बिघडतात.

वीटभट्टीवर जाणाऱ्या बिऱ्हाडांचा प्रश्न सर्वांत अवघड. जानेवारीत पाहणी झाली, तर नेमकी ती घरे कुलूपबंद असतात आणि पॅनलमधून गळतात. त्यांना मजुरी कुठे आणि कशी मिळते, हे गावात राहिलेल्यांपेक्षा वेगळे असते. एका तालुक्यातून अशी घरे जास्त गळाली, तर उरलेल्यांच्या गुणांकांची तुलना सूत्राने कितीही नेमकी केली तरी ती दोन तालुक्यांची राहत नाही. म्हणून पाहणी पावसाळ्यात, बिऱ्हाडे परतल्यावर, लावणीच्या आसपास घ्यावी लागते. गळालेल्या घरांची संख्या प्रत्येक गटासाठी वेगळी छापावी लागते, आणि तिच्यालगत फरकाचा आकडा व त्याचा पल्ला.