'बालगंधर्वांना' आणि 'बालगंधर्वला': इमारतीला गायकाचं नाव लागतं तेव्हा संशोधकाने काय वाचायचं?

पुण्यात कुणालाही विचारा, "आजचा प्रयोग कुठे आहे?" उत्तर येतं, "बालगंधर्वला." आता हेच नाव माणसाचं म्हणून वापरून बघा. "बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं." माणसाला 'ना', इमारतीला 'ला'. माणूस असतो तोवर आदरार्थी अनेकवचन चिकटलेलं असतं, इमारत झाली की ते गळून पडतं. यात अनादर कुणाच्याही मनात नसतो. भाषेने फक्त नोंद केलेली असते की हे नाव आता एका जागेचं नाव झालं आहे.

गंमत इथेच संपत नाही. "बालगंधर्व आले" हे पुल्लिंगी. पण "बालगंधर्व पाडलं तर?" हे नपुंसकलिंगी, कारण मागे न उच्चारलेलं 'रंगमंदिर' उभं आहे. नारायण श्रीपाद राजहंस या माणसाने रंगमंचावर आयुष्यभर स्त्रीलिंगात बोलून महाराष्ट्राला वेड लावलं, आणि शहराच्या रोजच्या व्याकरणात ते शेवटी नपुंसकलिंगी झाले!

पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांपैकी काही जण मला विचारतात की 'नामकरण' हा विषय होऊ शकतो का. गाईडकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "यात संशोधन काय आहे? नाव दिलं, पाटी लावली, संपलं." नाही, संपत नाही. जगभर या विषयावर गंभीर काम झालं आहे. अमेरिकेत डेरेक ऑल्डरमन यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्यांचा अभ्यास केला. त्यांचा एक साधा प्रश्न होता: किंग यांचं नाव शहरातल्या कोणत्या रस्त्याला मिळतं? मुख्य रस्त्याला, की फक्त कृष्णवर्णीय वस्तीतल्या तुकड्याला? म्हणजे नाव दिलं की नाही यापेक्षा कुठे दिलं, किती लांबीला दिलं, कुणी विरोध केला, यात खरी माहिती असते. मॉज अझरयाहू यांनी रस्त्यांच्या नावांतून सत्ता आपला इतिहास लोकांच्या रोजच्या बोलण्यात कशी शिरवते हे दाखवलं. हे सगळं आपल्याकडे लावून बघायला हरकत नाही. फक्त आपली सामग्री वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त रसाळ आहे.

दोन इमारती घेऊ. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर आणि कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ही जोडी मी मुद्दाम निवडली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या दोन मंडळ्यांचे मालक त्या रात्री एकत्र उभे राहिले: धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या रात्रीची आठवण अजून निघते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय ३१. बालगंधर्व पुढे ४६ वर्षं जगले. एकाच रात्री गायलेल्या या दोघांची नावं दोन शहरांत दोन इमारतींना लागली, पण ती लागण्याची रीत इतकी वेगळी आहे की तुलना आपोआप सुरू होते.

आधी कोल्हापूर. ही इमारत केशवरावांसाठी बांधलेली नाही. ती राजर्षी शाहू महाराजांनी बांधली. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी तिकडची नाट्यगृहं आणि मैदानं पाहिली होती. परत आल्यावर कोल्हापुरात खासबागचं कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला पाठ लावून नाट्यगृह झालं. काम १९१३ ला सुरू होऊन १९१५ ला पुरं झालं. कुस्ती आणि नाटक पाठीला पाठ लावून उभे! कोल्हापूर एका वाक्यात सांगायचं तर मी हेच सांगेन. नाव होतं 'पॅलेस थिएटर'. त्या वर्षी केशवराव २५ वर्षांचे होते, १९०८ मध्ये हुबळीला काढलेली त्यांची ललितकलादर्श मंडळी भरात होती, आणि शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता.

'केशवराव भोसले नाट्यगृह' हे नाव आलं १९५७ मध्ये. म्हणजे इमारतीनंतर ४२ वर्षांनी आणि गायकाच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी. संशोधकाने पहिलं बोट इथे ठेवायचं: हा मधला काळ. ज्यांनी केशवरावांना ऐन उमेदीत ऐकलं होतं ती पिढी १९५७ ला पन्नाशी-साठीत होती. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालेलं. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन जोरात. 'पॅलेस' हा शब्द आणि 'थिएटर' हा शब्द, दोन्ही एकदम गेले आणि त्या जागी एका मराठी गायकाचं नाव आलं. वाचताना लगेच वाटतं, संस्थान गेलं, मराठी अस्मिता आली, म्हणून नाव बदललं. सिद्धांत तयार!

थांबा. दोन गोष्टी एका वर्षी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे वाक्य तुम्ही पेटच्या अभ्यासात पाठ केलेलं असतं, पण लिहायला बसल्यावर हात त्याच बाजूला घसरतो. हा अंदाज सिद्ध करायचा तर कागद हवा. मागणी कुणी केली, ठरावात कोणते शब्द आहेत, आणखी कोणती नावं सुचवली गेली होती, शाहू महाराजांचं नाव का नाही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बांधणाऱ्याचं नाव सोडून गाणाऱ्याचं नाव देणं हा निर्णय आहे, आणि निर्णयाला कारण असतं.

कागद कुठे शोधायचा? आज नाट्यगृह कोल्हापूर महानगरपालिकेकडे आहे, म्हणून बरेच जण सरळ महापालिकेत जातात. पण महापालिका झाली १९७२ मध्ये. १९५७ ला तिथे नगरपालिका होती. त्यामुळे आजचं कार्यालय हे तुमचं पहिलं दार नाही. त्या वर्षी इमारत कुणाच्या ताब्यात होती, निर्णय कुणाच्या अखत्यारीत होता, ते दप्तर पुढे कुठे गेलं, हे आधी कागदावर मांडा आणि मग बाहेर पडा. कोल्हापूरचं पुरालेखागार, त्या वर्षीची स्थानिक वृत्तपत्रं, आणि नाटकांच्या जाहिराती. जाहिरातींकडे दुर्लक्ष करू नका. ठरावाची तारीख एक असते आणि जाहिरातीत नवं नाव छापायला लागण्याची तारीख दुसरी. नाटक कंपनीला प्रेक्षक आणायचे असतात, त्यामुळे ती लोकांना कळेल तेच नाव छापते. जुनं नाव कंसात किती वर्षं छापलं गेलं, यावरून नव्या नावाची मुळं किती धरली ते मोजता येतं. कमी खर्चात चांगला विदा मिळवण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता पुणे. इथे सगळंच उलटं. इमारत आणि नाव जोडीनेच आले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी कोनशिला बसवली ती स्वतः बालगंधर्वांनी. उद्घाटन झालं २६ जून १९६८ रोजी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. २६ जून हा बालगंधर्वांचा जन्मदिवस, १८८८ चा. आणि ते स्वतः? १५ जुलै १९६७ रोजी गेले होते. उद्घाटनाच्या जेमतेम वर्षभर आधी. ज्या इमारतीचा पाया स्वतःच्या हाताने घातला ती उभी राहिलेली त्यांना बघायला मिळाली नाही. महापालिकेची ही वास्तू चांगली व्हावी म्हणून पु. ल. देशपांड्यांनी किती लक्ष घातलं हे सर्वज्ञात आहे. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. नावाची पाटी एकच गोष्ट सांगते. ती चित्रं सांगतात की त्या एका नावात दोन व्यक्तिमत्त्वं होती.

शिवाय 'बालगंधर्व' हे जन्मनाव नाहीच. ती पदवी, टिळकांनी दिली असं परंपरेने सांगितलं जातं. म्हणजे इमारतीला मिळालेलं नाव आधीच एकदा 'दिलेलं' नाव होतं. राजहंस कधीच मागे पडले.

इथे एक कडू गोष्ट बोलावी लागेल. बालगंधर्वांची शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. नाव देणं हा सन्मानाचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे. कलावंताचं मानधन आणि त्याच्या आजारपणाची सोय यांना दर महिन्याला पैसे लागतात, पाटीला एकदाच. म्हणून नामकरणावर काम करणाऱ्याने त्या कलावंताला जिवंतपणी समाजाने काय दिलं हा रकाना आपल्या तक्त्यात ठेवलाच पाहिजे. तो रकाना नसला तर प्रबंध गौरवग्रंथ होतो.

आणखी एक रकाना गायिकांचा. महाराष्ट्रातल्या संगीताच्या नावावर असलेल्या नाट्यगृहांची यादी करा. बालगंधर्व पुण्यात आहेत, मिरजेतही आहेत. दीनानाथ मंगेशकर पार्ल्यात आहेत, आणि पणजीला कला अकादमीत. औंधला भीमसेन जोशी. गायिकांची नावं शोधताना मात्र बोटं थबकतात, मीरा-भाईंदरला लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे हे खरं, पण ते अलीकडचं. हिराबाई बडोदेकरांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची नाट्यशाखा काढून रंगमंचावर स्त्रीभूमिका स्वतः केल्या. नावांच्या यादीत कोण आहे हे पाटी वाचून कळतं. कोण नाही हे कळायला यादी करावी लागते.

दीनानाथांचं नाव आलंच आहे तर पुन्हा व्याकरणाकडे. पार्ल्यात "दीनानाथला जाऊ या" म्हटलं की नाटक. पुण्यात "दीनानाथला नेलंय" म्हटलं की ऐकणारा विचारतो, "काय झालं?" कारण तिथे ते रुग्णालय आहे. एकाच गायकाचं नाव, एकीकडे त्यातून तिकीट ऐकू येतं, दुसरीकडे केसपेपर. 'बलवंत संगीत मंडळी'चे मास्टर दीनानाथ दोन्हीकडे मागेच राहतात. क्षेत्रकामात हे टिपायचं असेल तर प्रश्नावली देऊ नका. "हे नाव कुणाचं आहे?" असं विचारलंत की माणूस सावध होतो आणि शाळेतलं उत्तर देतो. त्यापेक्षा रिक्षाच्या रांगेत, तिकीट खिडकीपाशी, बसथांब्यावर उभे राहा, आणि विभक्ती ऐका.

हे सगळं निवांत वेळेचं संशोधन वाटेल, पण या दोन्ही इमारतींच्या बाबतीत घड्याळ चालू आहे. बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं संकुल बांधायचा प्रस्ताव २०१८ मध्ये पुढे आला आणि कलावंतांमध्येच दोन तट पडले. नाव तेच राहील, हे सांगितलं जातं तेव्हा ते आश्वासन म्हणून सांगितलं जातं. पण विरोध करणाऱ्यांना नावाची काळजी नव्हतीच. त्यांना ती वास्तू हवी होती. म्हणजे १९६८ ला एकत्र आलेल्या दोन गोष्टी, नाव आणि भिंती, पन्नास वर्षांनी वादात वेगळ्या झाल्या. माझं मत विचाराल तर नाव टिकवण्याचं आश्वासन हे पाडापाडीच्या बाजूचं सगळ्यात मऊ हत्यार आहे, आणि म्हणूनच ते कोण, कधी, कोणत्या बैठकीत वापरतं हे नोंदवण्यासारखं आहे.

कोल्हापुरात वाद व्हायला वेळच मिळाला नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच, आतलं सगळं गेलं, दगडी भिंती राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. लोक रडले ते कुणासाठी? बातम्यांत 'पूर्वीचं पॅलेस थिएटर' आलं, शाहू महाराज आले, केशवराव आले. १९५७ ला मागे पडलेलं नाव आगीनंतर पुन्हा वर आलं. मग मागणी झाली की नाट्यगृह जसंच्या तसं उभं करा, आणि सरकारने पुनर्बांधणी जाहीर केली.

'जसंच्या तसं' म्हणजे कोणतं? १९१५ चं, ज्याला केशवरावांचं नाव नव्हतं? १९५७ चं? की मधल्या काळात नूतनीकरण होऊन आजच्या पिढीने पाहिलेलं? निविदेत, नकाशांत आणि वारसा समितीच्या टिपणांत याचं उत्तर कुणीतरी लिहीत असतं, बहुधा हे आपण लिहितो आहोत याची जाणीव नसताना. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचा कुणी विद्यार्थी विषय शोधत असेल तर हे कागद आताच जमवायला घ्यावेत. ताज्या कामाच्या नकला माहितीच्या अधिकारात मागता येतात. १९५७ च्या ठरावासाठी जितकी पायपीट करावी लागेल, तिच्या निम्मीही इथे लागणार नाही.